हिटर बंद कोणी केला

राकेशनं सॉकेटच्या भोकात टेस्टर घातला. आतला दिवा पेटला. वीज येत होती, तरी भिंतीवरचा हिटर थंडगार होता.

"पाह्यलं?" तो आईला म्हणाला. "बोर्डात करंट आहे. हिटरच बिघडवला तुमी लोकायनं."

सीताबाई खाटेवर शालीत गुडघे झाकून बसल्या होत्या. "असन बापा," त्या म्हणाल्या. "मी तं हात बी लावत नाई. अन्नपूर्णानं बटन दाबलं, तवापासून बंद आहे."

अन्नपूर्णा समोरच्या घरातली. तिचेही गुडघे धरायचे. दिवाळीत राकेशनं हिटर बसवला तसा रोज दिवेलागणीला ती यायची आणि दोघी पाय पसरून त्याच्यासमोर बसायच्या. महिन्याभरापूर्वी तो बंद पडला, तेव्हा राकेशनं, तो राहायचा त्या पिपरी मेघेहून, फोनवरच निकाल देऊन टाकला. बाहेरच्या माणसाला हात लावू दिला की असंच होते, म्हणाला. सीताबाईंनी ते अन्नपूर्णाला सांगितलं. त्यानंतर ती आली नाही. राकेशलाही हिंगणीला आईकडे यायला आजचा रविवार उजाडला.

त्यानं हिटर भिंतीवरून उतरवला. मागचं झाकण काढून एकेक जोड तपासला. कॉइल शाबूत होती. वायर कुठं तुटलेली नव्हती. आत थोडी धूळ, एक मेलेलं झुरळ, बाकी सगळं नव्यासारखं. विजेची कामं त्याला येत. ऑफिसातले लोकही घरचा पंखा, मिक्सर त्याच्याकडे आणत. चांगला हिटर त्यानं खाली ठेवला.

मग त्यानं मेन स्विच पाडला आणि बोर्ड उघडला.

करंट आणणारी तार जागेवर होती, म्हणून टेस्टर पेटला; पण सॉकेटमागची दुसरी, न्यूट्रलची तार जळून गळून पडली होती. ती जिथं आवळलेली असायला हवी होती तिथलं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं. मागच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा काजळीचा डाग. स्क्रूला त्यानं बोट लावलं, तर तो सहज फिरला.

त्याला दिवाळीत हिटर बसवला तो दिवस आठवला. बाहेर त्याची बायको मयुरी लेकराला घेऊन गाडीपाशी ताटकळली होती. पेचकस सापडत नव्हता, म्हणून त्यानं टेस्टरच्याच टोकानं स्क्रू कसाबसा बसवला होता. पुढच्या खेपेला नीट आवळू, असं तेव्हा मनात म्हटलं होतं.

"काय झालं?" सीताबाईंनी विचारलं.

माल खराब निघाला, असं उत्तर त्याच्या ओठावर आलं होतं. "काई नाई, पाहून राह्यलो," तो म्हणाला.

"त्या दिवशी अन्नपूर्णा म्हणे, काहीतरी जळून राह्यलं. मले तं सर्दीनं वासच नाई आला. मले म्हणे बंद कर, पण मले लवकर उठवेना. मंग तिनंच उठून बटन दाबलं."

"हे तू फोनवर नाई सांगतलं."

"सांगत होती. तू म्हणला मीटिंगमधी हाओ."

राकेशनं तारेचं जळकं टोक तोडून घेतलं. मग ते घेऊन तो आईसमोर जमिनीवर बसला.

"आई, चूक माही आहे. म्या स्क्रू ढिला ठेवला होता. काकूनं बटन दाबलं नसतं तं घर पेटलं असतं."

सीताबाईंनी तार हातात घेतली नाही.

"म्या तिले काय म्हणलं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "म्हणलं, आपल्या घरी नसलं का दुसऱ्याच्या वस्तूची कदर राह्यत नाई." त्यांनी शाल उगीचच सारखी केली. "जाय, तू सांग तिले. मले तोंड नाई."

चौकातल्या दुकानातून राकेशनं नवं सॉकेट आणलं, तारेचा उरलेला जळका भाग कापून टाकला, पेचकसानं दोनदा आवळून पाहिलं. बटन दाबताच कॉइल लाल झाली. सीताबाईंनी पाय पुढं केले नाहीत.

अन्नपूर्णा अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. राकेश तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. टेस्टरनं स्क्रू बसवल्याचं सांगितलं, फोनवर आपणच काय बोललो तेही सांगितलं. ती ऐकत होती. सोललेले दाणे सुपात पडत होते.

"माय काय म्हणते?" तिनं विचारलं.

"तिले लय वाईट वाटून राह्यलं."

"मले बी वाटलं होतं." ती हे रागानं म्हणाली नाही. "घरी येऊन आठवून पाह्यलं म्या. खरंच माह्या हातानं बिघडलं का काय. चार रोज माह्या घरचं बी बटन दाबाले भेव वाटे."

संध्याकाळी येत जा, म्हणायला राकेश आला होता. ते शब्द आता त्याला तोंडातून काढवेनात.

अन्नपूर्णानं मूठभर शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या. एक सोलली, दुसरी सोलली.

"आता तं पक्कं बसवलं ना?" तिनं विचारलं.

"हो काकू."

"पाह्यजो बाबू नीट," ती म्हणाली. "आता एकटीच बसन तुही माय त्याच्यासमोर."