कानशिलावरची बोटं

डॉक्टरीणबाईंनी चिकटपट्टीचा शेवटचा वेढा सोडवला आणि मंजुळाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले.

"उघडा आता, आजी. बघा तरी!"

बघायचा धीर कुठं होता? गेल्या हंगामात उसाची मोळी ट्रकवर चढवताना अंगठ्याशेजारच्या बोटाला हिसका बसला. तेव्हापासून ते मधल्या पेरात वाकलं ते वाकलंच. तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. पण गावी परतल्यावर नातीच्या, संस्कृतीच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं आपल्या कानशिलावर मोडली, तर ते मेलं आडवं आलं. त्या हाताचं एकही बोट वाजलं नाही. त्याच आठवड्यात पोरगी तापानं फणफणली. मंजुळाबाईनं खूणगाठ बांधली, पोरीची दृष्ट निघाली नाही ती या बोटापायीच.

मग तिनं धारूरच्या दवाखान्याचे हेलपाटे सुरू केले. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकची पट्टी घालून बोट ताठ बांधलं आणि बजावलं, "एकदा जरी वाकलं, तरी पुन्हा पहिल्यापासून." दीड महिना तिनं ते बोट तान्ह्या लेकरासारखं जपलं. शेजारची रुक्मिणीबाई हसायची, "कुणाला वाट दाखवायलीस गं सारखी?" मंजुळाबाई ऐकून घ्यायची. संस्कृती बीडच्या वसतिगृहात शिकायला जाणार होती, आणि त्याआधी तिला दोन्ही हातांनी नीट दृष्ट काढायची होती.

तो दिवस आजचाच. संस्कृती पत्र्याची पेटी घेऊन शेजारीच उभी होती. इथूनच एसटी धरायची होती.

मंजुळाबाईनं डोळे उघडले. टेबलावर बोट सरळ पडलं होतं. इतर बोटांच्या ओळीत, जसं काही कधी वाकलंच नव्हतं. तिनं श्वास रोखून धरला. देवीसमोर पडदा सरकावा तशी ती बघत राहिली.

"आई गं! हे माजंच हाय का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. पण मंजुळाबाईला दम कुठला! तिनं नातीला जवळ ओढलं, तोंडावरून दोन्ही तळवे फिरवले आणि हात आपल्या कानशिलाकडे नेले.

"आजी, नको!" डॉक्टरीणबाई ओरडल्याच. "अजून काही दिवस जोर द्यायचा नाही. केलंसवरलं सगळं पाण्यात जाईल!"

हात कानापाशीच थांबले. मंजुळाबाईचे डोळे भरून आले.

"पोरगी पहिल्यांदाच घर सोडायली, ताई. तशीच कशी धाडू?"

संस्कृतीनं पेटी खाली ठेवली. आजीचा हात हळूच आपल्या हातात घेतला. त्या सरळ बोटावरून नखापासून मनगटापर्यंत दोन्ही तळवे फिरवले, मग आपली इवलीशी बोटं स्वतःच्या कानशिलावर दाबली. कडाकडा सगळी वाजली.

"लई सुरेख झालंय, आजे. नजर लागंल तुज्या बोटाला," ती म्हणाली. "माजी दिवाळीला काढ."