एसटीच्या स्वागताची कमान

गावात एसटी आली, तरच काजलचं शहापूरचं कॉलेज चालू राहणार होतं. "फाट्यावर उतरून रानातून एकटी चालत येतेस, ते मला नाय चालायचं," असं तिच्या बापाने, जगनने, बजावलं होतं. काजलने आगारात चकरा मारल्या, अर्ज दिले आणि शेवटी गाडी गावापर्यंत मंजूर करून आणली.

मंजुरी मिळताच गावचे पुढारी भाऊ जागे झाले. फाट्यावर स्वागताची कमान उभी राहिली. बांबू जगनच्याच बेटातले, वर भाऊंचा आडवा, हसरा फोटो.

पहिली गाडी फाट्यावरून वळली आणि कमानीपुढे थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून वर पाहिलं.

"टप घासेल. भाऊंना जरा खाली उतरवा."

कोणी हलेना. भाऊ स्वतःही आपल्या फोटोकडे आदराने बघत राहिले.

"बाबा, बांबू तुमचेच ना? सोडा की दोन दोऱ्या," काजल म्हणाली.

"गो पोरी, वर भाऊ हाय," जगन कुजबुजला. "त्यांना हात कोण लावील?"

भाऊंनी तिथंच नारळ फोडला, पेढे वाटले. गाडी आल्या वाटेने शहापूरला गेली. काजल बापामागून घराकडे चालू लागली. कॉलेजचा विषय त्याने वाटेतच मिटवला.

दुसऱ्या दिवशी कमानीवर आणखी एक बॅनर चढला : 'फाट्यापर्यंत एसटी आणल्याबद्दल भाऊंचे जाहीर आभार!'