अर्धा कलप

शिरीष दवाखान्यातून आला तेव्हा उज्ज्वला आरशासमोर केसांना कलप लावत होती. वर्षभर तिचं हे दर पंधरा दिवसांनी चाललं होतं. तेच वर्षभर तो पाठ दुखते म्हणून बाहेर दिवाणावर झोपत होता.

तो तिच्या शेजारी टेकला. "पाठीला काही झालेलं नाही गं. जवळ आलो तर जमायचं नाही, म्हणून लांब पळत होतो. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं पुरुषी हार्मोन उतरलंय. ते मेंदूला जागं करतं, मग मेंदू शरीराला. माझा मेंदूच पेंगतोय. औषध आहे त्यावर."

उज्ज्वलाचा हात थांबला. "आणि मला वाटलं, मी म्हातारी दिसायला लागले."

तिने ब्रश वाटीत ठेवला. अर्ध्या डोक्याला कलप, अर्ध्याची मुळं पांढरी, तशीच उठली आणि दिवाणावरची त्याची उशी पलंगावर आणून ठेवली.