चाळीस सेकंद पुढे

मी निवृत्त झालो तेव्हा लेकीने आम्हा नवरा-बायकोला सारखीच मनगटी घड्याळं दिली. उन्हावर चार्ज होणारी, रेडिओच्या संदेशावरून रोज आपली वेळ आपणच लावून घेणारी.

हिचं घड्याळ पहिल्याच आठवड्यात माझ्यापेक्षा तीन सेकंद पुढे गेलं. दोनदा दुकानात नेलं.

"काका, ही घड्याळं चुकतच नाहीत," दुकानदार म्हणाला.

"असू द्या हो," ही हसली. "जन्मभर तुमच्या मागे धावले, आता जरा पुढे राहते."

फरक अकरा सेकंदांवर गेला, तेव्हा मी मागायच्या आधीच मीठ माझ्यापुढे आलं. विसावर गेला, तेव्हा ही आधी उठली आणि मग फोन वाजला. मला गंमतच वाटायची.

आज सकाळी मी खिडकीशी उन्हात पेपर वाचत होतो. चहा आणताना ही दारातच थबकली. कप हातातून पडला. "अहो!" अशी किंचाळत ती धावत आली आणि माझे खांदे धरून गदागदा हलवू लागली.

"अगं, मी ठीक आहे!"

तिला ते ऐकूच गेलं नाही.

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे होतं. त्यातले किती उरले ते मोजायला मी माझं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.