खराट्याच्या मागे

नोझल गाडीला चिकटून बसलं होतं. उणे चाळीस अंशांचा हायड्रोजन त्यातून गेला होता आणि त्याच्या तोंडावर पांढरा, खरखरीत बर्फ धरला होता. निळ्या टोपीवाल्या पंपवाल्यानं जाड हातमोजे घालून ते दोनदा हलवून बघितलं, मग सोडून दिलं.

“दोन मिनिटं, ताई. वितळलं की आपोआप सुटेल.” तो हातमोजे काढत तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

ती गाडीपासून लांब, गिऱ्हाइकांसाठी आखलेल्या पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभी होती. गाडीत मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, तिचा आठ महिन्यांचा मुलगा झोपला होता. खरं तर गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नसतं. ती त्याला उचलायला वाकली तेव्हा पंपवालाच म्हणाला होता, “असू द्या हो, झोपलंय लेकरू. तीन मिनिटांचं काम.” दोन रात्री जागलेल्या बाईला असलं काही पटायला वेळ लागत नाही. तिनं दार हळूच लावून घेतलं होतं.

“तोवर गाडी जरा बाजूला घेता येणार नाही का?”

“नळी लागलेली असेपर्यंत ती सुरूच होत नाही. विसरून नळीसकट निघून जायचे ना लोक. तुमच्याच भल्यासाठी आहे.”

दुपारचं ऊन रणरणत होतं. ती गाडीवरची नजर काढेना.

“डोळे वटारून बर्फ वितळत नाही, ताई,” तो हसला.

तेव्हा तिला ते दिसलं. मागच्या डाव्या दारावर, काचेच्या जरा खाली, रंगाला फोड आला होता. आधी वाटाण्याएवढा. मग बघता बघता तळहाताएवढा.

“दादा, दाराला फोड येतोय.”

“ऊन आहे.”

“ऊन सगळ्या गाडीवर आहे. फोड तेवढ्याच जागी येतोय.”

त्यानं बघितलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याचा हात खांबावरच्या लाल बटणाकडे गेला. पंपाची घरघर थांबली. घरघरीखाली दबलेली एक बारीक शिट्टी आता स्पष्ट ऐकू येऊ लागली. ती मात्र थांबली नाही.

तिनं रेघ ओलांडली.

“जागच्या जागी थांबा, बाई.”

पंपावरचा म्हातारा मिस्त्री होता. भिंतीला टेकवलेला लांब दांड्याचा खराटा त्यानं उचलला आणि आंधळा काठी धरतो तसा पुढे धरला. क्षणभर तिला वाटलं, हा आता झाडायला निघाला की काय.

“गॅस गळून पेटलाय. हा जाळ दिवसा दिसत नाही,” तो म्हणाला. “धूर नाही, वास नाही. पाऊलभर जवळ जाईपर्यंत धगही लागत नाही.”

“पण धोक्याची घंटा असते ना? ती का वाजली नाही?”

पंपवाला जमिनीकडे बघत राहिला. “उन्हानं उगाच वाजायची सारखी. गिऱ्हाईक घाबरायचं. म्हणून बंद ठेवली.”

मिस्त्री डाव्या अंगानं दोन पावलं गेला. तिसऱ्या पावलाला खराट्यानं नुसत्या उन्हात पेट घेतला. त्यानं तो जमिनीवर आपटून विझवला आणि मागे आला.

“इकडून नाही. पुढून वळसा घालून पलीकडच्या दारानं जातो. मी काढतो पोराला.”

“तुमच्यानं त्याच्या सीटचा पट्टा सुटणार नाही,” ती म्हणाली. “मलाच तीनदा दाबावा लागतो.”

त्यानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. “मग माझ्या पावलावर पाऊल. माझ्या पुढे हात नाही, बोटसुद्धा नाही.”

गाडीच्या तोंडाला वळसा घालून ते निघाले. खराटा वर जाई, खाली येई, मग एक पाऊल. तिला फक्त त्याच्या झिजलेल्या टाचा दिसत होत्या. त्या चालल्या की ती चालत होती. खराट्याची एकही काडी पेटली नाही.

तिनं उजवं दार उघडलं. मुलगा जागा होता. रडत नव्हता. पलीकडच्या काचेतून समोरची भिंत पाण्यात बघावी तशी हलत होती, आणि तो त्या भिंतीकडे टक लावून बघत होता, खूश होऊन. काचेच्या कडेचं रबर मऊ पडून ओघळायला लागलं होतं. ती सीटवर आडवी झाली. पट्ट्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा तो सुटला आणि मुलगा तिच्या छातीशी आला.

“आलो तसेच जायचं,” मिस्त्री म्हणाला.

गाडीच्या तोंडापाशी पोचले तोवर शिट्टीचा आवाज जाड झाला होता. मिस्त्रीनं खराटा समोर धरला. टोकाची एक काडी पेटली. मग तिच्या शेजारची. त्यानं खराटा उजवीकडे नेला. तिथंही पेटली.

“हलू नका,” तो म्हणाला, अगदी हळू, जणू मूल अजून झोपलेलंच होतं.

ती हलली नाही. पुढे ऊन होतं, मोकळं अंगण होतं, आणि पिवळ्या रेघेपलीकडे टोपी हातात घेऊन उभा असलेला पंपवाला होता. मिस्त्रीच्या खांद्यावरून मुलानं अख्खा हात लांबवला, त्या थरथरणाऱ्या उजेडातलं काहीतरी धरायला.

तिनं तो हात मागे ओढला आणि आपल्या मुठीत घेतला. तळवा गरम होता. झोपेतून उठला की असतोच, तिनं स्वतःला सांगितलं, असतोच. पण मूठ उघडून बघण्याचा तिला धीर होईना.