सोनेरी स्टार

जर्सी सिटीतल्या कराटे क्लासचा पहिला दिवस. "नखं कापलेली हवीत, कानातलं काढून ठेवा, बूट दाराबाहेर," सेन्सेईंनी नव्या मुलांना बजावलं. "आणि पंच मारताना पोटातून ओरडायचं. तुमचा आवाज हेच तुमचं पहिलं हत्यार!"

हॉल दणाणून गेला. सहा वर्षांची सई मात्र ओठ घट्ट मिटून नुसतेच पंच मारत होती. शाळेत मिळालेला सोनेरी स्टार तिने हट्टाने नव्या पांढऱ्या ड्रेसवर चिकटवला होता. सेन्सेईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, हसून, गुडघ्यावर बसून. सई ढिम्म. काचेपलीकडे बसलेल्या तिच्या बाबाला, परीक्षितला, बाकीच्या पालकांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी टॅब काढून घेतला की हीच पोरगी आख्खी बिल्डिंग डोक्यावर घेते!

पाणी प्यायला ती बाहेर आली, तसा तो खेकसला, "लाजतेस काय अशी? उद्या कुणी अंगावर आलं तर गप्पच बसणार आहेस का?"

"यस बाबा," सई अगदी हळू आवाजात म्हणाली. "शाळेत गन घेऊन बॅड मॅन आला ना, तर गप्पच बसायचं. ओरडलं की त्याला कळतं, आपण कुठे लपलोय ते."

मग तिने ड्रेसवरच्या स्टारवर बोट ठेवलं.

"आज शाळेत लपायचं ड्रिल होतं ना, त्यात मी सगळ्यात क्वाएट होते. म्हणून तर टीचरनी हा दिला."