ओल्या पायांचं नाव

रेगेबाईंनी आजही अंघोळ केली नाही. वाट्याला आलेली पाण्याची बादली त्यांनी तशीच हरितगृहात नेली आणि चिखल झालेल्या वाफ्यात रिकामी केली.

"बाई, आता पुरे," पाणीप्रमुख कदम वैतागले. "मंगळावर पाण्याची अशी नासाडी?"

सौरवादळात संगणकातली सगळी माहिती पुसली गेली होती. कुठलं बी कसं वाढवायचं, हे वसाहतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पाकिटांवर उरली होती ती फक्त लॅटिन नावं.

"याच्या नावात पॅलस्ट्रिस आहे. म्हणजे दलदलीत राहणारं," बाई म्हणाल्या. "हे नाव ठेवणारा माणूस चिखलात उभा होता, कदम. त्याच्या ओल्या पायांवर माझा भरवसा आहे."

कदम मान हलवत वाफ्यावर वाकले आणि तसेच थबकले. चिखलातून एक हिरवं टोक वर आलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच पुढचं पाकीट उचललं. "यावर सटायव्हा लिहिलंय. हे कुठं राहणारं?"

"सटायव्हा म्हणजे पेरलेलं," बाईंनी बाह्या सरसावल्या. "माणूस पेरील ते याचं गाव."

कदम गेले आणि स्वतःच्या अंघोळीची बादली घेऊन आले.